मोठ्या डॉक्टरकडे जाण्याआधी

पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहरात आज एखाद्याच्या मनात आले की हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावे, तर त्याला कोणाला विचारावे लागत नाही. फोन करायचा, नंबर लावायचा, फी भरायची. लंडन किंवा ॲम्स्टरडॅममध्ये मात्र त्याच माणसाला आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जावे लागते. त्या डॉक्टरने चिठ्ठी दिली तरच सरकारी किंवा विम्याच्या खर्चाने तज्ज्ञाचे दार उघडते. यातली कोणती पद्धत रुग्णाच्या हिताची, यावर जगभर अनेक वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे तो फारसा झालाच नाही, कारण दारे सगळीकडे उघडीच होती. प्रश्न फक्त खिशाचा होता. आता सरकारी विम्याच्या योजना वाढत आहेत, फॅमिली डॉक्टर दिसेनासे होत आहेत आणि प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर मिळू लागला आहे. म्हणून हा प्रश्न नीट तपासायची हीच वेळ आहे.

आधी चक्कर येण्याचे उदाहरण घेऊ. साठीच्या एका बाईंना सकाळी अंथरुणात कूस बदलताना घर गरगर फिरल्यासारखे होते. मुलाला मेंदूची शंका येते, म्हणून न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल. शेजारी सांगतात, मानेचे असेल, म्हणून ऑर्थोपेडिक. मानेच्या एक्स-रेत वयाप्रमाणे झीज दिसतेच, गळ्यात पट्टा येतो. मग हृदयाची शंका, ईसीजी, इको. तीन तज्ज्ञ झाले, तिघांनीही आपापल्या अवयवापुरते काम चोख केले आणि चक्कर तशीच राहिली. खरे तर कूस बदलताना येणारी ही चक्कर बहुतेक वेळा कानाच्या आतली असते. तोल सांभाळणाऱ्या नलिकेत कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून गेलेले असतात. ते ओळखायला मशीन लागत नाही. रुग्णाला कॉटवर बसवून मान एका बाजूला 45 अंशांत वळवायची, झटकन उताणे झोपवायचे, डोके कॉटच्या कडेखाली जरासे झुकू द्यायचे आणि डोळ्यांकडे बघत राहायचे. काही सेकंदांत बुबुळे ठरावीक प्रकारे थरथरू लागली की निदान झाले. मग डोके एका क्रमाने वळवत नेले की ते कण बऱ्याचदा जागेवर परततात. डॉक्टर मंडळी या दोन कृतींना डिक्स-हॉलपाइक आणि एप्ली म्हणतात. त्यासाठी लागतो फक्त त्या शिकलेला आणि दहा मिनिटे देणारा डॉक्टर.

रुग्णाला लक्षण कळते, अवयव कळत नाही. चक्कर कानाची, मेंदूची, हृदयाची, रक्ताची की बीपीच्या गोळीची, हे ठरवणे हेच मुळात वैद्यकाचे काम आहे. थेट तज्ज्ञाकडे जाण्याच्या पद्धतीत हे पहिले आणि सर्वांत अवघड निदान आपण रुग्णावर, त्याच्या मुलावर आणि शेजाऱ्यांवर सोपवतो. चिठ्ठीच्या बाजूने असलेला मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच. खर्च वाचतो वगैरे गोष्टी नंतरच्या.

पण हे पहिले निदान करायला डॉक्टर शिकतो कुठे? 1961 मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक हिशोब मांडला. 1000 प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांतल्या सुमारे 750 जणांना काही ना काही दुखते-खुपते. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जणांना रुग्णालयात दाखल करावे लागते, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो एक जण. वैद्यकाचे विद्यार्थी मात्र शिकतात ते त्या शेवटच्या माणसावर. म्हणजे ज्या आजारांसाठी लोक प्रत्यक्षात डॉक्टरकडे जातात, त्यांचा अनुभव शिकताना फारच थोडा मिळतो.

चिठ्ठीचे दुसरे समर्थन गणिती आहे. 1989 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मॅदर्स आणि हॉजकिन या दोघांनी ते चक्क एका परीकथेतून सांगितले. कथेत एक द्वारपाल आहे, म्हणजे पहिला डॉक्टर, आणि एक जादूगार, म्हणजे तज्ज्ञ. हिशोब करून पाहू. समजा, एक तपासणी आजार असलेल्या 100 पैकी 90 जणांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या 100 पैकी 90 जणांना बरोबर सोडते. थेट रस्त्यावरून आलेल्या 1000 जणांत तो आजार 10 जणांनाच असेल, तर त्यांतले 9 पकडले जातील. पण निरोगी 990 पैकी 99 जणांच्या रिपोर्टवरही 'पॉझिटिव्ह' येईल. म्हणजे घाबरून गेलेल्या 108 जणांत खरे आजारी फक्त 9. आता एखाद्या अनुभवी डॉक्टरने आधी निवडून पाठवलेले 1000 जण घ्या, ज्यांच्यात 300 जणांना आजार आहे. तीच तपासणी 340 जणांना पॉझिटिव्ह ठरवते आणि त्यांतले 270 खरेच आजारी निघतात. मशीन तेच, तज्ज्ञ तोच. फरक पडला तो समोर कोण आले याचा. तज्ज्ञाची सगळी हुशारी आधीच्या या गाळणीवर उभी असते. गाळणी काढली की प्रामाणिक तज्ज्ञाच्या हातूनही नको त्या तपासण्या होतात, आणि नको त्या तपासणीतून कधी कधी नको ती शस्त्रक्रियाही होते.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात काय घडले, ते तितके सरळ नाही.

ब्रिटनमध्ये तज्ज्ञ रुग्णालयात बसतील आणि रुग्ण जनरल प्रॅक्टिशनरचा राहील, ही वाटणी डॉक्टरांनी आपसात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच घडवत आणली होती. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा तीच वाटणी सरकारी व्यवस्थेचा कणा बनली. प्रत्येकाचे नाव एका दवाखान्यात नोंदलेले, आणि त्या डॉक्टरला पैसे मुख्यतः नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर. किती जणांना पुढे पाठवले यावर नाही. तरी तिथेही सगळी दारे बंद नाहीत. अपघात विभाग, लैंगिक आरोग्याची केंद्रे, चिंता-नैराश्यासाठीचे समुपदेशन इथे थेट जाता येते. नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे याच वाटेचे. नॉर्वेने 2001 मध्ये प्रत्येक नागरिकाला ठरलेला डॉक्टर दिला, आणि त्याचा परिणाम पाहणारा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे 15 वर्षांहून अधिक काळ असलेल्यांची तुलना वर्षभरच ओळख असलेल्यांशी केली, तेव्हा पहिल्या गटात तातडीने दाखल व्हावे लागण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले. हा निव्वळ परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ओळख जितकी जुनी तितका फरक वाढत गेलेला दिसतो, आणि तो नजरेआड करता येत नाही.

याच्या अगदी समोर उभा राहतो तो कर्करोग. 2011 मध्ये डेन्मार्कच्या व्हेडस्टेड आणि ओलेसेन यांनी युरोपातल्या देशांची तुलना करून दाखवले की, चिठ्ठी सक्तीची असलेल्या देशांत कर्करोगाच्या निदानानंतर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे. चिठ्ठीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे फार लागले, आणि लागायलाच हवे होते. पहिल्या डॉक्टरने 'बघू, दोन आठवड्यांनी या' असे म्हणणे शंभरातल्या नव्वद जणांच्या हिताचे असते. उरलेल्यांपैकी एखाद्याच्या जिवावर बेतते. 2012 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या इंग्लंडच्या पाहणीने यात आणखी बारकावा आणला. कर्करोगाच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक रुग्णांना डॉक्टरने पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच पुढे पाठवले होते. स्तनात गाठ घेऊन आलेल्या बायकांना तर क्वचितच थांबवले गेले. पण मल्टिपल मायलोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना तीन किंवा अधिक खेपा घालाव्या लागल्या होत्या. हा कर्करोग पाठदुखी, थकवा, पांढरा पडलेला चेहरा अशा रूपात येतो, आणि पाठदुखी घेऊन दवाखान्यात कोण येत नाही?

ही पाहणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण दोष चिठ्ठीचा किती आणि आजाराच्या फसव्या रूपाचा किती, हे तिच्यातून वेगळे काढता येते. मायलोमाचा रुग्ण थेट जाऊ शकला असता, तरी गेला असता ऑर्थोपेडिककडेच. रक्तविकारतज्ज्ञाकडे जाण्याचे त्याच्या डोक्यातही आले नसते. म्हणून डेन्मार्कने केलेली दुरुस्ती मोलाची ठरते. त्यांनी चिठ्ठी रद्द केली नाही. 2008च्या आसपास त्यांनी कर्करोगाच्या संशयासाठी वेगळे, वेळेचे बंधन असलेले मार्ग आखले. पुढे 'नक्की काय ते सांगता येत नाही, पण काहीतरी गंभीर आहे' असे डॉक्टरला वाटले, तर पाठवण्यासाठी निदान केंद्रेही काढली. डॉक्टरच्या जुन्या ओळखीतून आलेल्या शंकेला तिथे अधिकृत किंमत मिळाली. इंग्लंडनेही 2000 पासून कर्करोगाच्या संशयितांना दोन आठवड्यांत तज्ज्ञ दाखवण्याचा नियम केला होता. मात्र तिथे आज दुसरेच दुखणे आहे. 2023 मध्ये नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी 77 लाखांच्या वर गेली. चिठ्ठी मिळूनही दार उघडत नसेल, तर लोकांचा राग चिठ्ठीवर निघणारच.

अमेरिकेने चिठ्ठी वेगळ्याच कारणासाठी वापरली. 1980 आणि 90च्या दशकांत तिथल्या विमा योजनांनी पहिल्या डॉक्टरला दारात उभे केले ते खर्च कापण्यासाठी. काही योजनांत तर कमी रुग्ण पुढे पाठवले की डॉक्टरचे उत्पन्न वाढत असे. चिठ्ठी नाकारणारा डॉक्टर माझ्या भल्यासाठी नाकारतो आहे की स्वतःच्या, ही शंका एकदा मनात शिरली की त्या नात्यात काही उरत नाही. लोक चिडले, राज्याराज्यांनी कायदे केले, आणि 2010च्या आरोग्य कायद्याने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्यासाठी चिठ्ठीची अट काढूनच टाकली. या सगळ्यात एक प्रयोग आपोआप घडून आला. बॉस्टनच्या हार्वर्ड व्हॅनगार्ड संस्थेने 25 वर्षांहून अधिक काळ चालवलेली सक्ती 1998 मध्ये उठवली. आता तज्ज्ञांकडे झुंबड उडेल, असे वाटले होते. फेरिस आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये आकडे प्रसिद्ध केले, तर प्रौढ रुग्णांच्या तज्ज्ञांकडच्या भेटी जवळपास तितक्याच राहिल्या होत्या. पाठदुखीसारख्या एखाद्या तक्रारीत थोडी वाढ, बस्स. लोकांना आपला डॉक्टर होता आणि त्याच्यावर विश्वास होता. सक्ती गेली तरी ते आधी त्याच्याकडेच गेले.

मधल्या वाटाही बऱ्याच आहेत. फ्रान्सने 2004च्या कायद्याने प्रत्येकाला एक नेमलेला डॉक्टर निवडायला सांगितले. त्याला डावलून तज्ज्ञाकडे गेलात तर मनाई नाही, पण विम्याचा परतावा 70 टक्क्यांवरून 30 वर येतो. डोळे, दात आणि स्त्रीरोग यांना सूट. अडचण अशी की आज तिथे लाखो लोकांना नेमायला डॉक्टरच मिळत नाही. जपानमध्ये मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीविना गेल्यास जास्तीचे पैसे भरावे लागतात. 2022 पासून पहिल्या भेटीला किमान 7000 येन. जर्मनीने 2004 मध्ये तिमाहीला 10 युरो शुल्क लावून पाहिले. लोक एकदा शुल्क भरून हव्या तितक्या चिठ्ठ्या घेऊन ठेवू लागले आणि 2012 अखेर ते शुल्क गेले. तिथल्या नव्या सरकारने 2025 मध्ये पहिला डॉक्टर सक्तीचा करण्याचे पुन्हा ठरवले आहे, डोळे आणि स्त्रीरोग वगळून. उलट थायलंडने, जिथे 2002 पासून नोंदणीच्या दवाखान्याची चिठ्ठी लागत होती, 2024 पासून ओळखपत्रावर कुठेही उपचार देण्याकडे पावले टाकली. एक देश दार लावतो आहे, दुसरा उघडतो आहे.

आता घराकडे वळू. कागदावर आपली सरकारी आरोग्यव्यवस्था पहिल्यापासून पायऱ्यांचीच आहे. 1946च्या भोर समितीने ती आखली: खाली प्राथमिक केंद्र, वर दुय्यम रुग्णालय, त्याच्या वर जिल्हा. आजच्या निकषांनुसार सपाटीच्या भागात 5000 लोकांमागे उपकेंद्र, 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागे ग्रामीण रुग्णालय. आदिवासी आणि डोंगराळ भागात याहून कमी लोकसंख्येला. पण पायऱ्या आहेत म्हणून जिना चढता येतोच असे नाही. देशाच्या ग्रामीण भागात या तिसऱ्या पायरीवर हव्या असलेल्या तज्ज्ञांपैकी सुमारे 80 टक्के जागी माणूसच नाही, हे केंद्र सरकारच्या स्वतःच्या आकडेवारीत येते. म्हणून गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार इथल्या बाळंतिणीच्या बाबतीत 'रेफर' या शब्दाचा अर्थ वेगळा होतो. केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथे भूलतज्ज्ञ नाही म्हणून उपजिल्हा, तिथे रक्त नाही म्हणून सिव्हिल. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, प्रत्येक ठिकाणी गाडीची वाट. 2014 पासून 108ची रुग्णवाहिका आली, त्याने जीव वाचले. पण पुढे कोणी आहे का, हे फोन करून विचारण्याची पद्धत अजून सर्वत्र रुजलेली नाही. आणि सोबतच्या चिठ्ठीवर फार तर एक ओळ असते: 'पुढील उपचारांसाठी वरिष्ठ रुग्णालयात पाठवत आहे.' बीपी किती, कळा कधी सुरू झाल्या, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, यातले काही नसते. वरचा डॉक्टर शून्यापासून सुरुवात करतो आणि तेवढा वेळ जातो.

शहरात सक्तीची चिठ्ठी ज्यांनी अनुभवली ते म्हणजे कामगार विम्याचे कामगार आणि केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी. केंद्रीय आरोग्य योजनेतल्या आजी-आजोबांना पॅनलवरच्या तज्ज्ञाला दाखवण्यासाठी वेलनेस सेंटरच्या रांगेत उभे राहून शिक्का आणावा लागे. 2024 मध्ये 70 वर्षांवरच्यांना यातून सूट मिळाली, आधी ती 75 वर्षांवर होती. सूट मिळाल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात, याचाच अर्थ ती चिठ्ठी वैद्यकीय सल्ला म्हणून त्यांना कधी पोचलीच नव्हती. विमा योजनांचे तर आणखी उलटे आहे. आयुष्मान भारत असो की महात्मा फुले जनआरोग्य योजना, पैसा मिळतो तो प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर. मधुमेह पाच वर्षे नीट सांभाळणाऱ्या फॅमिली डॉक्टरला त्यातले काही मिळत नाही. पाय कापायची वेळ आली की योजना जागी होते.

आणि सर्वांत मोठी गाठ आहे ती कटाची, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या दलालीची. आजारी पडलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक खासगी डॉक्टरकडे जातात, असे 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसले. तिथे चिठ्ठी आहेच. ती तोंडी असते, 'माझं नाव सांगा' अशी. त्या नावामागे अनेक ठिकाणी टक्केवारी ठरलेली असते. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने अशी दलाली स्पष्ट मना केली आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या डॉक्टरांना बोलते करून हे वास्तव 2016च्या पुस्तकात मांडले. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला. मसुद्यापुढे गाडी सरकली नाही. जगातला सगळा पुरावा वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेत न पाठवण्याचे पैसे मिळत होते, आपल्याकडे पाठवण्याचे मिळतात. अशा ठिकाणी उद्या चिठ्ठी सक्तीची केली, तर आपण कटाला कायद्याचे बळ देऊ. जो डॉक्टर आज नाव सांगून पाठवतो तो उद्या सही करून पाठवेल, आणि रुग्णाला नाही म्हणण्याची सोयही उरणार नाही.

त्यामुळे महाराष्ट्रात आज सरसकट सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आहे तेच चालू द्यावे, असेही नाही. बॉस्टन आणि नॉर्वे एकत्र वाचले तर दिसते की, फायदा अडवण्यातून येत नाही. ओळखणारा डॉक्टर असण्यातून येतो. चिठ्ठी अट म्हणून लादण्याऐवजी हक्क म्हणून दिली तर? सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी आठपासून शेकडो माणसे ताटकळतात. आरोग्य केंद्रातून नीट लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेल्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी तज्ज्ञ भेटेल आणि चिठ्ठीविना आलेल्याला रांग, एवढे जरी पाळले तरी लोक आपणहून आधी केंद्रात जातील. डोळे, बाळंतपण, मनाचे आजार, क्षयरोग आणि तातडीची दुखणी यांना कुठलीच अट नको. स्त्रियांच्या बाबतीत तर मुळीच नको. गावातल्या एकाच ओळखीच्या पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही म्हणून कितीतरी बायका अंगावर काढतात.

मात्र ही चिठ्ठी लिहिणारा माणूस घडवावा लागेल. एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनचा वेगळा अभ्यासक्रम आपल्याकडे आहे, पण त्याकडे वळणारे थोडे, कारण समाजात मान 'स्पेशालिस्ट'ला आणि पैसाही त्यालाच. फॅमिली डॉक्टरला ओळखीचे, सांभाळण्याचे, वेळ देण्याचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते विम्यातूनच. आणि चिठ्ठी परतही यायला हवी. तज्ज्ञाने काय ठरवले, कोणती गोळी बंद केली, पुन्हा कधी पाठवायचे, हे त्याच कागदाच्या मागे लिहून केंद्रात आले नाही, तर खालचा डॉक्टर काहीच शिकत नाही आणि तीच चक्कर असलेल्या पुढच्या बाईंना पुन्हा तिघांकडे पाठवतो. सुरुवात मोठी लागत नाही. एक जिल्हा रुग्णालय, त्याखालचा एक तालुका, मेडिसिन आणि स्त्रीरोग अशा दोनच ओपीडी, आणि वर्षभर मोजायच्या तीन गोष्टी: किती चिठ्ठ्या आल्या, किती दिवसांत तज्ज्ञ भेटला, किती चिठ्ठ्या उत्तरासह परत गेल्या.